रविवारी जा, पण पिल्लू आणू नका

पत्र: आमचा फोंड्यात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. घरात मी, नवरा, नऊ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. सत्तरी तालुक्यात माझ्या माहेरी गोठ्यात मांजरी व्यायली आहे. चार पिल्लांतलं तीनरंगी पिल्लू मुलीने 'माझं' म्हणून ठरवून टाकलंय. पिल्लं पाच आठवड्यांची झाली, येत्या रविवारी घेऊन येणार आहोत. मी स्वतः कधी मांजर पाळलेलं नाही. इथे-तिथे वाचून सामानाची यादी केली तर ती दीड पान झाली. सासूबाई म्हणतात, दूधभात आणि बांगड्याचं डोकं मिळालं की मांजराला आणखी काही लागत नाही, त्यांच्या घरी जन्मभर मांजरं होती. 'माजराक कित्याक दोतोर?' (मांजराला कशाला डॉक्टर?) हे त्यांचं वाक्य दिवसातून दोनदा ऐकते. त्यात नणंद बाळंतपणासाठी ऑगस्टअखेर येईल, आणि गरोदर बाईने मांजराच्या घरात राहू नये असं सासूबाईंनी कुणाकडून तरी ऐकलंय. चवथीला, म्हणजे गणपतीत, आम्ही सगळे पाच दिवस गावच्या घरी असतो, तेव्हा पिल्लाचं काय करायचं? नेमकी तयारी काय करू? — स. ना., फोंडा

उत्तर:

ताई, रविवारी माहेरी जरूर जा. फक्त पिल्लू घेऊन येऊ नका.

पाच आठवड्यांचं पिल्लू ओंजळीत मावतं, म्हणून सगळे नेमकं याच वयात उचलून नेतात. पण ते अजून आईला पितंय, आणि त्याची शाळा आत्ताच सुरू झाली आहे. खेळताना ते भावंडाला जोरात चावतं, भावंड किंचाळून निघून जातं, खेळ संपतो. असं पन्नास वेळा झालं की दात किती लावायचे आणि नखं आत कधी ओढायची हे त्याला कळतं. ही शाळा अर्धवट सोडून आणलेलं पिल्लू उरलेला अभ्यास तुमच्या मुलीच्या हातांवर करेल. किमान ८ आठवडे होऊ द्या. १२ झाले तर उत्तम, पण तेवढा धीर नऊ वर्षांच्या मुलीकडे नसतो, हे मला ठाऊक आहे.

तोवर दर रविवारी जा. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंत पिल्लाला माणसाचा हात लागला तर ते माणसाळतं. गोठ्यात नुसतं वाढलेलं पिल्लू पुढे पलंगाखालून बाहेर यायला महिना लावतं. मुलीला जमिनीवर बसवा, पिल्लाला तिच्या मांडीवर येऊ द्या, जायचं असेल तर जाऊ द्या. माहेरी एखादी जुनी वाकळ असेल तर तिचा तुकडा मांजरी निजते तिथे टाकून ठेवा, तो पुढे लागेल. आणि हो, तीनरंगी म्हणजे जवळजवळ नक्की मादी. काळा आणि केशरी असे दोन्ही रंग अंगावर यायला दोन एक्स गुणसूत्रं लागतात. त्यामुळे मुलीने 'मोगॅम्बो' वगैरे नाव ठरवलं असेल तर आत्ताच बदलायला सांगा.

आता सासूबाईंचं. त्या चुकीचं बोलत नाहीत, त्या दुसऱ्याच मांजराविषयी बोलताहेत.

माझं बालपण डिचोलीकडच्या एका घरात गेलं. आमच्याकडे मांजरं होती, पण ती कुणी मोजलेली नव्हती. कुणी माळ्यावर, कुणी सोप्यावर, आणि नुस्तें साफ करायच्या वेळी सगळी मागीलदारी. आजी माशांची डोकी टाकायची, वाडग्यात उरलेलं दूध ओतायची, झालं. एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली: आमच्या घरी एकही मांजर म्हातारं झालं नाही. त्या 'जायच्या'. ‘काळी खंय गेली?’ ‘गेली खंय की.’ कुणी रस्त्यावर गाडीखाली, कुणी सापाच्या तोंडी, कुणाला बिबट्याने नेलं असेल. एका वेतातली निम्मी पिल्लं पंधरा-वीस दिवसांत संपायची आणि तेही कुणाला विशेष वाटायचं नाही. आजी कठोर नव्हती. व्यवहारच तसा होता. धान्याची कणगी उंदरांपासून राखायची आणि त्या बदल्यात उरलंसुरलं खायचं. दूधभात हे त्यांचं जेवण नव्हतंच, ती दक्षिणा होती. जेवण त्या रात्री शेतात आणि माळ्यावर स्वतः मिळवत: उंदीर, पाली, टोळ, पाखरं.

तुमच्या दुसऱ्या मजल्यावर उंदीर नाही. म्हणजे तोही आता तुम्हीच पुरवायचा.

म्हणून आधी खाणं. मांजर पक्कं मांसाहारी. टॉरिन नावाचं एक द्रव्य त्याला मांसातूनच मिळवावं लागतं, ते शरीरात पुरेसं बनत नाही. ते वर्षानुवर्षं कमी पडलं की डोळे जातात आणि हृदय फुगून निकामी होतं. दूधभातात ते नावालाच. दुधाचं म्हणाल तर बहुतेक मांजरांना वाढत्या वयात गाईचं दूध पचेनासं होतं आणि जुलाब होतात. पाऊण किलोच्या जिवाला दोन दिवसांचे जुलाब म्हणजे थट्टा नव्हे. प्यायला पाणी द्या, पसरट वाडग्यात आणि जेवणापासून जरा लांब.

मग बांगडा? इथे माझं गोंयकाराचं मन कचरतं, पण सांगते. उकडलेला, काटे काढलेला, बिनमिठाचा बांगड्याचा तुकडा आठवड्यातून एक-दोनदा खुशाल द्या. रोज नुसती मासळीच नको. तेलकट माशांवरच वाढलेल्या मांजराला ई जीवनसत्त्व कमी पडून अंगातली चरबी सुजते, आणि ते दुखणं असं की नुसता हात लावला तरी ते ओरडतं. तारल्यांसारखे काही मासे कच्चे दिले तर त्यांच्यातलं एक विकर बी१ जीवनसत्त्व नासवतं. शिजवल्यावर तो दोष जातो. आपलं माशाचं हुमण कालवलेला भात मात्र अजिबात नको. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. सुका बांगडा, गालमोसारखी सुकी कोळंबी हे तर मीठच. आणखी एक व्यवहाराची गोष्ट: १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा मासळीचे भाव तुम्हाला माहीत आहेतच. फक्त ताज्या मासळीची चटक लागलेलं मांजर त्या दोन महिन्यांत ताटलीकडे पाठ करून बसतं. मोठ्या मांजराने दोन-तीन दिवस काही खाल्लं नाही तर त्याच्या यकृतात चरबी साचू लागते आणि जीव धोक्यात येतो. त्यामुळे 'भूक लागली की खाईल मुकाट्याने' हा आपला पोरांसाठीचा उपाय मांजराला लावू नका.

रोजचं खाणं म्हणून पिल्लांसाठीचं तयार खाद्य घ्या, पाकिटावर 'पिल्लांसाठी' आणि 'संपूर्ण आहार' असं लिहिलेलं. सुरुवातीला कोमट पाण्यात मऊ करून दिवसातून चार वेळा थोडं थोडं. घरी कोंबडी उकडून घालणार असाल तर थोडं काळीज आणि हृदयही घाला आणि उकडलेलं पाणी टाकू नका, टॉरिन पाण्यात उतरतं. पावसात मोठी पिशवी स्वस्त पडते म्हणून घेऊ नका. आपल्याकडच्या आषाढ-श्रावणात उघडी पिशवी आठ दिवसांत मऊ पडते आणि मग बुरशी. लहान पाकीट, घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, आणि जुन्यावर नवं ओतायचं नाही.

दीड पानाच्या यादीतला पलंग, शाम्पू, कपडे, घुंगरू लावलेला पट्टा हे सगळं खोडा. अंघोळ मांजर स्वतः घालून घेतं. खेळायला कागदाचा बोळा आणि नारळाच्या हिराला बांधलेली चिंधी पुरते. दोरा मात्र वापरून झाल्यावर उचलून ठेवा, गिळला तर आतडी कापतो. नखं घासायला काथ्याचं जाड पायपुसणं फळीवर ठोका किंवा सुंभ खांबाला गुंडाळा. ते उंच हवं, मांजर मोठं झाल्यावर पूर्ण ताणून उभं राहू शकेल एवढं, आणि हलता कामा नये. डुगडुगतं ते मांजर सोडून देतं आणि सोफ्याकडे वळतं. पैसे खर्च करायचेच असतील तर मांजराला न्या-आणायच्या चांगल्या पेटीवर, म्हणजे कॅरियरवर करा. तो अडगळीत ठेवू नका, घरात उघडा ठेवून त्यातच कधीमधी खायला द्या. जे खोकं फक्त दवाखान्याच्या दिवशी निघतं त्यात कुठलंही शहाणं मांजर शिरत नाही.

मांजराच्या शी-शूसाठी वाळूचा ट्रे लागतो. त्याबद्दल सासूबाई एक शंका काढतीलच, आणि ती रास्त आहे: फ्लॅटमध्ये वास येईल. येतो, जर दिवसातून एकदाच, तेही आठवण झाली तर, साफ केला तर. सकाळ-संध्याकाळ चमच्याने काढून टाकलं तर येत नाही. एका मांजराला दोन ट्रे ठेवा, जेवणापासून दूर, जिथे मागे पळायला वाट आहे अशा शांत कोपऱ्यात. वॉशिंग मशीनच्या शेजारी नको. मशीन एकदा धडधडलं की त्या ट्रेवरचा विश्वास गेला. सुरुवातीला पिल्लाला चढता येईल असा बुटका ट्रे घ्या, आणि गोळे बनणारी वाळू तीन-चार महिन्यांचं होईपर्यंत टाळा, कारण लहान पिल्लं ती चाटून बघतात. सुगंधी वाळू तर कधीच नको, तो वास आपल्यासाठी असतो. समुद्रावरची रेती आणण्याचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. ती ओली, खारट असते, आणि किनाऱ्यावरून रेती उचलणं कायद्यातही बसत नाही.

आता जे कुठल्या यादीत नसतं आणि गोव्याच्या प्रत्येक घरात असतं ते. पावसाळ्यात आपण कपाटाकपाटांतून डांबरगोळ्या ठेवतो. मांजरासाठी ते विष आहे, आणि गोळी घरंगळते म्हणून पिल्लाला ती खेळणं वाटते. सगळ्या काढा, कुबट वासाची थोडी सवय करून घ्या. फरशीला फिनेल लावता ते बंद. मांजर फरशीवरून चालतं आणि मग पाय चाटतं, आणि फिनेलमधली द्रव्यं पचवायची ताकद त्याच्या यकृतात नाही. साधं साबणाचं पाणी पुरे. क्रोसिन किंवा कुठलीही पॅरासिटामॉलची गोळी अर्धीसुद्धा देऊ नका. ती एक गोळी मांजर मारायला पुरते. लिलीचा गुच्छ कुणी भेट दिला तर दाराबाहेरूनच शेजारणीला द्या. पराग अंगावर पडून चाटले गेले तरी मूत्रपिंडं बंद पडतात.

आणि पिसवा. गोठ्यातलं पिल्लू पिसवा घेऊनच येणार. मी इथे एकदा जी चूक केली ती तुम्ही करू नका. आमच्या कुत्र्याच्या गोचिडींसाठी आणलेले थेंब उरले होते. औषध तेच, जनावर लहान, म्हणून निम्मे टाकले, असा माझा हिशेब. तीन तासांत मांजरीचे कान थरथरायला लागले, मग पूर्ण अंग. त्या थेंबांत परमेथ्रिन होतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराच्या मज्जासंस्थेला ते झेपत नाही. ती वाचली, पण दोन रात्री मी दवाखान्याच्या बाकावर काढल्या. तेव्हापासून डबीवर मांजराचं नाव लिहिलेलं नसेल तर ती डबी मी उघडत नाही. तुमच्या पिल्लाला पहिल्या दिवशी फक्त बारीक फणी आणि कोमट पाणी, औषध डॉक्टरांकडून, वजन करून.

खिडक्या बघा. ग्रिलमधून पिल्लाचं डोकं सहज जातं, आणि डोकं गेलं की बाकीचं जातंच. डासांची नायलॉनची जाळी त्याच्या नखांपुढे टिकत नाही. बारीक छिद्रांची स्टीलची जाळी ठोकून घ्या आणि बाल्कनीला कबुतरांसाठी लावतात तसं नेट. हे काम पिल्लू यायच्या आधी व्हायला हवं. 'आल्यावर बघू' म्हटलं की सुतार चवथ झाल्याशिवाय येत नाही.

दोतोर कित्याक, याचं उत्तर सासूबाईंनीच अनेकदा पाहिलेलं आहे. ती निम्मी पिल्लं जी पंधरा दिवसांत जायची, त्यांतली बरीच एका साथीने जायची. उलट्या, जुलाब, मान टाकणं आणि दोन दिवसांत संपणं. या विषाणूविरुद्ध लस आहे. तो विषाणू जमिनीवर वर्षभर टिकू शकतो आणि तुमच्या चपलांबरोबर दुसऱ्या मजल्यावर येतो, त्यामुळे 'ती कुठे बाहेर जाते' हा युक्तिवाद इथे चालत नाही. पहिला डोस आठव्या आठवड्याच्या आसपास, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, १६ आठवड्यांपर्यंत. रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर. गोव्यात कुत्र्यांच्या मोठ्या लसीकरणामुळे रेबीज बराच हटला, २०२१ मध्ये राज्य रेबीज नियंत्रित म्हणून जाहीरही झालं, पण तेवढ्यावर मांजराची लस टाळायची नसते. सत्तरीत गोठ्याभोवती रात्री कोण कोण फिरतं ते आपल्याला दिसत नाही. मुलीला चावलं किंवा रक्त येईल असं ओरबाडलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्या. हळद लावून वाट बघत बसू नका. पणजीजवळ टोंकला आणि मडगावजवळ सोनसोडोला सरकारी पशुवैद्यकीय रुग्णालयं आहेत. फोंड्यातही विचारा, पण जाण्यापूर्वी फोन करून मांजराची लस शिल्लक आहे का ते बघा. जंताचं औषध पहिल्याच भेटीत मागा. आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात नसबंदी. चार-पाच महिन्यांची मांजरी गाभण राहू शकते, आणि नऊ आठवड्यांनी तुम्ही मला दुसरं पत्र लिहाल.

नणंदेचं. भीती निराधार नाही, पण ती नको तिथे जाऊन बसली आहे. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मांजराच्या विष्ठेतून पसरू शकतो आणि गरोदरपणात त्याची पहिल्यांदा लागण झाली तर बाळाला धोका असतो. मात्र लागण झालेलं मांजर तो बहुधा आयुष्यात एकदाच, एक ते तीन आठवडे बाहेर टाकतं, आणि विष्ठेतला तो परजीवी लागण करण्याजोगा व्हायला किमान एक दिवस जातो. म्हणजे ट्रे रोज साफ झाला आणि तो नणंदेने साफ केला नाही, तर तिच्या जवळून मांजर गेल्याने काही होत नाही. कच्चं-अर्धवट शिजलेलं मांस, न धुतलेली भाजी आणि उघड्या हातांनी केलेलं मातीकाम यांतूनही हा परजीवी येतो, आणि त्याकडे आपलं लक्ष नसतं. तुमचं पिल्लू गोठ्यातलं आहे, त्याने उंदीर चाखलेला असू शकतो, म्हणून हयगय मात्र नको. ट्रे नवऱ्याकडे द्या, हातमोज्यांसह. नणंदेला तिच्या डॉक्टरांना घरात मांजर असल्याचं सांगू द्या, त्यांना वाटलं तर ते रक्ततपासणी करतील.

चवथीला पिल्लू नेऊ नका. गावच्या घरी चाळीस माणसं, फटाके, अनोळखी कुत्री, उघडी दारं, आणि गणपतीच्या वर फळाभाज्यांनी भरलेली माटोळी. घोसाळी आणि कांगलां डोक्यावर लोंबकळताहेत, आणि तीन महिन्यांचं मांजर खाली बसून बघतंय. ते नुसतं बघत राहील अशी आशा देवानेही करू नये. ते फ्लॅटमध्येच राहू दे, पण एकटं पाच दिवस नव्हे. गावचं घर फोंड्यापासून लांब नसेल तर नवरा रोज संध्याकाळी फेरी मारू शकतो, आणि सकाळी कुणी शेजारीण किंवा तिची कॉलेजातली मुलगी येऊन खाणं, पाणी, ट्रे आणि अर्धा तास खेळ एवढं करेल. तिला चवथीआधीच चार-पाच वेळा घरी बोलवा, म्हणजे पिल्लू तिला ओळखेल. दिवाळीला नरकासुर जाळतात त्या रात्री मात्र तुम्ही घरीच असाल. तेव्हा खिडक्या बंद आणि आतली एक खोली पिल्लाची.

घरी आणाल त्या दिवशी घर दाखवत फिरू नका. एक खोली, ट्रे, पाणी, आडवा टाकलेला खोका आणि त्यात ती गोठ्यातली वाकळ, न धुतलेली. पिल्लू पलंगाखाली जाईल. जाऊ द्या. ओढून काढू नका, डोकावून बोलावू नका. मुलीला सांगा की त्याच खोलीत जमिनीवर बसून मोठ्याने गोष्टीचं पुस्तक वाच, मांजराकडे बघू नकोस. एखाद्या रात्री, कदाचित तिसऱ्या, कदाचित दहाव्या, पायाला काहीतरी मऊ लागेल. दिवसभर न खाल्लेलं, सुस्त पडलेलं पिल्लू मात्र लाजाळूपणा समजू नका, त्याच दिवशी डॉक्टर.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत. तीनरंगी आली की गोठ्यात तीन पिल्लं आणि त्यांची आई उरणार. दूध पाजता पाजताच मांजरी पुन्हा गाभण राहू शकते, तेव्हा दिवाळीपर्यंत तिथे आणखी चार असतील. भावाशी बोला. पिल्लांनी दूध सोडल्यावर दोनेक आठवड्यांनी आईची नसबंदी करता येते, कॅरियर तर तुम्ही घेतलेलाच असेल. त्या खेपेला सासूबाईंना सोबत न्या. गोठ्यातल्या मांजरीला न बोचकारून घेता उचलायचं कसं, हे तुमच्या घरात फक्त त्यांनाच येत असणार.